वाफा फोडायचा दिवस

“बाजूला बसलीस? आज?”

कुदळ खांद्यावर तशीच ठेवून मी विचारलं. वच्छला, माझी सून, मागच्या दाराबाहेर उभी होती. वाफ्यापासून चांगली दहा हात लांब. अंगावर कालचंच लुगडं, केस तसेच, आणि दोन्ही हातांनी पदर पोटाशी गोळा करून धरलेला.

“व्हय आत्याबाई. पहाटेपासनं.”

“बरा मुहूर्त साधलास गं! वाफा फोडायचा दिवस, आणि बाईसाहेब निघाल्या कोपऱ्यात.”

कोजागिरी होऊन तीन दिवस झाले होते. आमचं गाव डोंगराच्या पोटात. दिवाळीच्या आधीच घाटावरून असा गारठा उतरतो की माती आवळून बसते, आणि आवळलेल्या मातीत सोनटक्क्याचा गड्डा मूळ धरत नाही. आम्ही गुरव, वाघजाईची पूजा आमच्या घरात. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत देवीच्या गळ्यात रोज आमच्याच वाफ्यातल्या सोनटक्क्याचा हार पडायचा. पांढरा शुभ्र, गाभाऱ्याबाहेरपर्यंत वास. त्या हारावर माझी मान ताठ होती, खोटं कशाला सांगू?

पण सोनटक्क्याचा वाफा तीन वर्षांनी फोडावा लागतो. जमिनीखाली गड्डे एकमेकांच्या अंगावर चढत जातात, घोंगडीसारखे विणले जातात, मग फूल बारीक होत होत शेवटी येतच नाही. त्या खेपेला मी आळस केला होता, चौथं वर्ष उजाडू दिलं होतं. सातव्या माळेला फुलं पुरली नाहीत आणि देवीच्या गळ्यात बाजारचा झेंडू घालावा लागला. माझी चुलत जाऊ बायजा, तिचं घर आमच्या दगडी गडग्यापलीकडं, भर देवळात बायकांना म्हणाली, “यंदा वैनींची कमाई आटली वाटतं.” ते मला असं झोंबलं होतं की दसऱ्याची पुरणपोळी मला गोड लागली नाही.

आणि वाफा फोडायचे नेम होते. घरच्या बाईनंच फोडायचा. न्हाऊन, उपाशीपोटी, अनवाणी. पुरुषाचा हात लागायचा नाही, मजूर घ्यायचा नाही. उपटलेला गड्डा सूर्य बुडायच्या आत परत मातीत गेला पाहिजे. विटाळशी बाईनं तर बांधावरसुद्धा पाय ठेवायचा नाही. ठेवला की आठ दिवसांत झाड जळून जातं, असं मला माझ्या सासूनं सांगितलं होतं, तिला तिच्या सासूनं. जळालेलं मी कधी बघितलं नव्हतं. बघणार कशी? बत्तीस वर्षांत मी तसा पाय पडूच दिला नव्हता.

एकटीच्या हातानं एवढा वाफा एका दिवसात व्हायचा नाही, आणि घरात बायका दोनच. मी आणि वच्छला. माझे मालक जाऊन पाच वर्षं झाली होती, पूजा माझा मुलगा दिनकर करायचा. आज वच्छला नाही म्हणाली, तर पुढचे तीन-चार दिवस गेले, मग एकादशी, मग दिवाळीची सारवणं. म्हणजे वाफा राहिला.

शाळा मी दुसरीपर्यंत बघितली, पण घरातल्या बाईचे दिवस मला पंचांगासारखे पाठ असायचे. मी कुदळ खाली ठेवली.

“थांब. पोळ्याच्या अमावास्येला तू बसलीस. मग गौरीला माहेरी गेलीस, ती उगवलीस पाचव्या माळेला. आल्या आल्या तूच सांगितलंस, घट बसले त्या दिवशी बाजूला झाले, चार दिवस तिकडंच काढले आणि न्हाऊन आले. सांगितलंस की न्हाई?”

“सांगितलं.”

“घट बसून आज किती दिवस झाले?”

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

“सतरा झाले. तू अमावास्येची बाई. सहा वर्षांत तुझा दिवस इकडचा तिकडं झाला न्हाई, आणि आजच बरा सतरा दिवसांत कावळा शिवला?”

“होतं एखाद्या टायमाला, आत्याबाई.”

“माझ्यापुढं शहाणपण नको. दोन्हीतलं एक खोटं हाय. देवीकडं तोंड कर आणि घे शपथ, दोन्ही वेळचं खरं म्हणून.”

गडग्यावरून देवळाचा कळस दिसत होता. वच्छलानं तिकडं मान वर केली नाही. मला तेवढं पुरे झालं. मी मनाशी ठरवून टाकलं, घटाचं खरं आणि आजचं खोटं. कामाला भिऊन.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. सहा वर्षांत वच्छलाला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोट पडलं. एकदा चौथ्यात, एकदा तिसऱ्यात. दुसऱ्या वेळी, त्याच वर्षीच्या चैत्रात, मी तिच्या अंथरुणाशी उभी राहून दिनकरच्या देखत बोलले होते, “आता तिसरं असं गेलं, तर पेटी भरायची आणि माहेरची वाट धरायची. मी दिनकरला दुसरी करणार.” दिनकर जमिनीकडं बघत राहिला. माझ्या भावानं, शंकरदादानं, त्याच्या गावची एक पोरगीही हेरून ठेवली होती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वच्छलाला तर उठता-बसता ठाऊक होतं.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “मला तीन दिवस पडू द्या. फकस्त तीन दिवस. मग तुम्ही म्हणाल ते करते. एकटी वाफा फोडते, पाणी पण मीच घालते.”

“पडायचंच म्हण की! तीन दिवस खोलीत लोळायचं, आयतं ताट सरकवून घ्यायचं. चांगली चटक लागली तुला.”

गोठ्याला लागून आमची एक छपराची खोली होती. बाजूला बसलेली बाई तिथं. तिला कुणी शिवायचं नाही, काम सांगायचं नाही. दुरून ताट सरकवायचं, दुरून पाणी ओतायचं. मी स्वतः त्या खोलीत महिन्याचे तीन-तीन दिवस असे किती काढले, त्याची मोजदाद नाही.

“जा, न्हाऊन ये,” मी म्हणाले. “आणि उतर वाफ्यात.”

तिचे डोळे मोठे झाले. “वाफा जळंल, आत्याबाई.”

“तू खरं बोलत असशील तर जळंल. मग मी सगळ्या गावादेखत तुझे पाय धरीन. खोटं बोलत असशील तर न्हाई जळायचा. देवी करंल निवाडा.”

हे बोलताना मला माझ्याच बोलण्याचा अभिमान वाटला. काय तोडीचं बोलले, असं वाटलं.

ती गेली. आडावर गार पाण्याचे दोन तांबे पडल्याचा आवाज आला. ओल्या केसांनी आली, बांधाशी थांबली. उजवा पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरला. मी तिच्याकडं बघत होते. मग तिनं पाय वाफ्यात टाकला.

कामाला वच्छला कधी वाईट नव्हती, हेही सांगते. मी दांडे कंबरेपासून कापत पुढं जायची, ती मागून कुदळीनं कडा मोकळ्या करायची. मग दोघींनी दोन बाजूंनी बोटं घालून गड्ड्यांचं ते घोंगडं उचलायचं. एकेक तुकडा पायलीभर ज्वारीच्या वजनाचा, वर ओल्या मातीचं ओझं. उचलून बांधावर आणायचा, झटकायचा, कोयत्यानं फोडायचा. प्रत्येक फोडीला कोंबाचे तीन डोळे राहिले पाहिजेत. कुजकं काढून टाकायचं, मुळं छाटायची, फोड शेणकाल्यात बुडवायची आणि नव्या सरीत वीतभर अंतरानं आडवी लावायची, डोळे आभाळाकडं.

“दोनच डोळे आलेत ह्याला,” मी म्हणाले. “कोयता चालव नीट. दळण हाय का ते?”

“व्हय.”

“आणि बसून काय काढतीस? वाकून काढ. बसून काम केलं की दिवस पुरत न्हाई.”

“वाकलं की कळ येती, आत्याबाई.”

“मला बत्तीस वर्षं येतीय.”

ती वाकली.

उन्हं वर आली तशी गडग्यावरून बायजाचं तोंड दिसलं. ती डोक्यावरची घागर काखेत घेऊन उभी राहिली. बायजा बोलायला तिखट, पण हाताला गुण होता. गावातली अर्धी बाळंतपणं तिनं केलेली.

“फोडताय वाफा, वैनी?”

“न्हाई, चिंचोके खेळतोय.”

“चार वर्षांनी आठवण झाली म्हणायची.”

“तुझ्या जिभेला तरी चार वर्षं विसावा दे.”

ती हसली. मग हसू थांबलं. “वैनी, पोरीचं तोंड पांढरं पडलंय.”

“उपाशी हाय. मीही उपाशी हाय. माझं काळं पडलंय का?”

“वच्छे, काय होतंय गं?”

वच्छलानं बायजाकडं बघितलं, मग माझ्याकडं. “काय न्हाई, काकू,” ती म्हणाली आणि फोड शेणकाल्यात बुडवली.

बायजानं घागर परत डोक्यावर घेतली. “दुपारी सावलीला बसवा तिला,” एवढं बोलून गेली. मी बसवलं नाही. अर्धा वाफा अजून जमिनीत होता आणि ऊन कललं होतं. वच्छलानं मध्ये दोनदा पाणी मागितलं. एकदा दिलं. दुसऱ्यांदा म्हणाले, “पाण्यानं पोट भरलं की वाकवत न्हाई.”

शेवटचं घोंगडं सगळ्यांत जड निघालं. आडाच्या ओलीनं ते पोसलेलं होतं. मी एका बाजूनं हात घातला आणि माझी बोटं सटकली.

“तूच उचल,” मी म्हणाले. “तुझे हात तरणे हायेत.”

तिनं दोन्ही हात खाली घातले. लुगडं गुडघ्यांत दाबलं आणि उचललं. उचलून चार पावलं आली. पाचव्याला थांबली. गड्डा हातांतून सुटला नाही, तिनं तो हळूच खाली ठेवला, एखादं भांडं ठेवावं तसा. मग ती त्याच्याशेजारी बसली.

“उठ.”

“उठते.”

ती उठली नाही. तिच्या लुगड्याखालून माती काळी होत चालली होती. मला वाटलं, तांब्या कलंडला. मग बघितलं तर तांब्या बांधावर होता.

त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघालं ते ऐका. “वाफ्यातनं बाहेर हो,” मी ओरडले. “आधी बाहेर हो!”

तिनं बाहेर व्हायचा प्रयत्न केला. हातांवर, गुडघ्यांवर. नव्या सरीतल्या फोडींवर हात पडू नये म्हणून ती सरी चुकवत सरकत होती. ते मला अजून दिसतं.

माझं ओरडणं ऐकून बायजा गडगा ओलांडून आली. घागर तिकडंच फुटली. तिनं एकदा वाफ्याकडं बघितलं, एकदा वच्छलाच्या तोंडाकडं.

“वैनी, हे बाजूला बसायचं न्हवं,” ती म्हणाली. “हे ते न्हवं. धरा तिला.”

“शिवू कशी? मी वाफ्याची…”

“धरा म्हणते न्हवं!”

आयुष्यात पहिल्यांदा बायजानं मला हुकूम केला आणि मी ऐकला. आम्ही दोघींनी तिला त्या छपराच्या खोलीत नेलं. बायजानं दार लोटलं, मला पाणी तापवायला लावलं, जुनी लुगडी मागितली. मी चुलीशी फुंकत बसले. आतून वच्छलाचं कण्हणं येत होतं, मग तेही थांबलं. बायजा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक झाकलेलं मडकं होतं.

“दीड महिन्याचं असंल,” ती म्हणाली. “कुठं ठेवू?”

मी चुलीत लाकूड सारलं. ती मडकं घेऊन ओढ्याकडं गेली.

मी खोलीच्या दाराशी उभी राहिले. वच्छला भिंतीकडं तोंड करून पडली होती. पाय उंच केलेले होते, बायजानं खाली पाटा सरकवला होता.

“मला सांगायला काय झालं होतं?” मी म्हणाले. आवाज चढवायचा नव्हता, पण माझा आवाजच तसा. “घटाच्या दिवशी बाजूला झाले म्हणून खोटं का बोललीस?”

“आईनं सांगितलं व्हतं, तीन महिने होईस्तवर कुणाला कळू देऊ नको. सासूला तर न्हाईच.”

“आणि आज?”

“आज पहाटे डाग दिसला.” ती भिंतीशीच बोलत होती. “आई म्हणाली व्हती, डाग दिसला की हलू नको, पाय वर करून पडून राहा, राहतं एखाद्या वेळी. ह्या घरात पडून राहायला जागा हीच. इथं तीन दिवस कुणी काम सांगत न्हाई. म्हटलं, बाजूला बसले म्हणून सांगावं.”

“अगं, खरं सांगितलं असतंस तर…”

आता तिनं तोंड फिरवलं. “तर तुम्ही म्हणाला असता, तिसरं गेलं. अजून गेलं नव्हतं, आत्याबाई.”

मी तिथून निघाले. बाहेर ऊन डोंगराला टेकलं होतं. बांधावर ते शेवटचं घोंगडं तसंच पडलं होतं. मी काय केलं असेल? मी कोयता उचलला. फोडी केल्या, शेणकाल्यात बुडवल्या आणि जिथं माती काळी झाली होती तिथंच सरी ओढून लावल्या, डोळे आभाळाकडं करून. सूर्य बुडायच्या आत वाफा पुरा झाला. नेम मोडला नाही.

दिवेलागणीला दिनकर देवळातून आला. “वच्छला कुठाय?”

“बाजूला बसलीय,” मी म्हणाले.

बायजा चुलीपाशी पेज ढवळत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि परत पेज ढवळायला लागली. दिनकर पाय धुवायला गेला. बाजूला बसलेल्या बाईबद्दल पुरुष दुसरा प्रश्न विचारत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी वाफ्याची वाट बघायला लागले. सकाळी उठून आधी तिकडं. जळायला पाहिजे होता. जळला असता तर मी पाय धरले असते, बोलले होते तसे, सगळ्या गावादेखत. मला ते जमलं असतं. देवीनं सांगितलेलं मी कधी टाळलं नाही. तिसऱ्या दिवशी जळला नाही. पाचव्या दिवशी नाही. आठव्या दिवशी मी बोटानं माती उकरून एक फोड बघितली. पांढरी कोवळी मुळं सुटली होती.

वच्छला तोवर खोलीतून बाहेर आली होती. दारात बसून तांदूळ निवडत होती.

“जळला का वाफा, आत्याबाई?”

“न्हाई.”

“एखादं तरी?”

“न्हाई.”

ती निवडत राहिली.

दिवाळी गेली. सगळ्या सऱ्यांतून तांबूस कोंब वर आले, भाल्याच्या टोकासारखे. एवढ्या थंडीत एवढे कोंब मी कधी बघितले नव्हते. सगळ्यांत दाट कुठं आले ते मी सांगत नाही.

मग काय समजायचं? माझ्या निवाड्यानं वाफा जगला म्हणजे ती खोटी. आणि रक्त तर खोटं नव्हतं, ते माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, माझ्या हातांनी मातीत गाडलं होतं. म्हणजे मला सासूनं सांगितलं ते खोटं, तिला तिच्या सासूनं सांगितलं तेही खोटं. बत्तीस वर्षं मी बांधावर उभी राहून कुणाला कशापासून राखत होते? हा विचार मी पुरा केला नाही. अर्ध्यात सोडून कामाला लागायची.

तुळशीचं लग्न झालं आणि शंकरदादा आला. ओटीवर बसला, सुपारी कातरली.

“मग, कधी येतेस पोरगी बघायला?”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? तूच म्हणाली होतीस, तिसरं असं गेलं की…”

“तिसरं कुणी सांगितलं तुला?”

“अगं, बाजारात कुणीतरी बोललं. सुनेला दवापाणी चाललंय म्हणून.”

“बाजारातल्या लोकांना माझ्या घरचं जास्त ठाऊक? माझ्या घरात तिसरं काही झालंच न्हाई. ती बाजूला बसली होती. चहा घे आणि आपल्या गावाला जा. पोरगी चांगली असंल तर तुझ्या पोराला कर.”

तो तोंड वेडंवाकडं करून गेला. मला वाटलं, मी वच्छलाला राखलं. एका वाक्यात तिची पेटी जागेवर ठेवली. मी आत वळले तर ती माजघराच्या दारात उभी होती, हातात चहाचा कप. तो कप तिनं मला दिला नाही. मोरीत ओतला, विसळला आणि पालथा घातला.

“झालंच न्हाई?” ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. आणि पुढं तिला कधी दिवस गेले नाहीत. महिन्याच्या महिन्याला, अमावास्येला, ती त्या खोलीत जाऊन बसायची. मी ताट सरकवायची. कधी काही जास्तीचं वाढलं, शेवयांची खीर, तुपाची धार, तर ते ताटात तसंच परत यायचं.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात वाफा असा फुलला की रस्त्यानं जाणारी माणसं गडग्याशी थांबायची. रोज पाच ओंजळी, सहा ओंजळी. देवीचा हार पायांपर्यंत लोंबायला लागला. बायका मला म्हणायच्या, वैनी, हाताला काय यश हो तुमच्या. बायजा काही म्हणायची नाही.

फुलं तोडायचं काम माझं. पोळ्याच्या अमावास्येला मी पहाटे न्हाऊन मागच्या दारी आले, तर वाफ्यात कुणीतरी आधीच होतं. वच्छला होती. केस मोकळे, अंगावर कालचंच लुगडं, पाय घोट्यापर्यंत मातीत. सावकाश एकेक फूल खुडून टोपलीत टाकत होती. मी बांधाशी थांबले. माझ्याच घरच्या वाफ्यात पाय टाकायला मला सुचेना.

टोपली भरली तेव्हा ती माझ्यासमोर आली आणि टोपली माझ्या हातात दिली. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. मुद्दाम लावली.

“पहाटेपासनं बाजूला हाय मी,” ती म्हणाली. “खरं हाय. आजच्याची शपथ घेते, पायजे तर.”

“हे काय केलंस, वच्छला?”

“फुलं तोडली.”

“देवीला जायची होती गं!”

“मग न्या की. आणि न्यायची नसली, तर टाका ओढ्यात. पण त्यांनी विचारलं ना, फुलं का टाकली, तर सगळं सांगा. आजचंच न्हाई. गेल्या सालापासनं सांगा. मडकं कुठं टाकलं ते बी सांगा.”

ती खोलीकडं गेली नाही. घरात गेली. चूल पेटवल्याचा आवाज मी ऐकला.

टोपली जड नव्हती. फुलांचं वजन ते काय असणार. पण मागच्या दारापासून देवळापर्यंतची शंभर पावलं मला दुपारपर्यंत पुरतील असं वाटलं. ओढ्याकडं जाणारी वाट डावीकडं फुटत होती. तिथं मी थांबले. मग उजवीकडं वळले.

देवळात पोळ्याची गर्दी. बायजा पुढंच बसली होती. दिनकर गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर दोरा घेऊन हार ओवायच्या तयारीत होता. टोपली बघून त्याचं तोंड उजळलं.

“एवढी? आई, आज तर देवी झाकून जाईल.” त्यानं हात पुढं केला आणि तसाच थांबवला, त्याचे वडील थांबवायचे तसा. “सोवळ्यात तोडलीत न्हवं?”

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. बायजाही बघत होती. गाभाऱ्यात समई शांत जळत होती.

“वच्छलानं तोडलीत,” मी म्हणाले. “घाल देवीला.”